एक्स-रे चांगला, हात अडलेला : कोपराच्या फ्रॅक्चरनंतरचं एक प्रकरण

वय ४४. कामाचा हात उजवा. कागल तालुक्यातल्या एका गावात घर, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चपलेचं काम. चामडं भिजवणं, रापीनं कापणं, तळ ठोकणं पुरुषांकडे; वेणी विणणं, आरीनं भोक पाडून त्यातून वादी ओढणं आणि शिवण आवळणं या बाईंकडे. अस्सल कोल्हापुरीत खिळा मारत नाहीत, शिवणही चामड्याच्या वादीचीच असते. ती आवळायला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत भरपूर ताकद लागते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्या चिमटीपाशी येऊन अडलं.

आषाढातल्या पावसात परसातल्या शेवाळलेल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि त्या उजव्या कोपरावर आदळल्या. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर काय बिघडू शकतं याची यादी कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते : सांधा आखडणं, नस दुखावणं, नको तिथे हाड धरणं, तारा टोचणं, हाड न जुळणं, जंतुसंसर्ग. पुस्तकात ती एकाखाली एक येतात. या बाईंच्या हातात मात्र एका गुंतागुंतीनं दुसरीला ओढून आणलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

पहिली शस्त्रक्रिया

बाहूच्या हाडाचं, म्हणजे ह्यूमरसचं, खालचं टोक दोन खांबांवर उभं असतं. या बाईंचे दोन्ही खांब तुटले होते आणि मधला सांध्याचा पृष्ठभागही उभा चिरला होता. प्रौढांमधल्या सगळ्या फ्रॅक्चरमध्ये अशा खालच्या टोकाच्या फ्रॅक्चरचा वाटा साधारण २ टक्के. म्हणजे रोज दिसणारं प्रकरण नव्हे. पण जेव्हा येतं तेव्हा नुसत्या प्लास्टरवर सोडून चालत नाही. तुकडे सांध्यात सरकलेले असले तर उघडून, मिलिमीटरचा हिशेब करून जुळवावे लागतात.

कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात पडल्यानंतर पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सूज उतरायची वाट पाहण्यात आणि पैशाची जुळवाजुळव करण्यात तेवढे दिवस गेले. सांधा समोर नीट दिसावा म्हणून कोपराचं मागचं टोक, जे टेबलावर टेकवल्यावर आपल्याला टोचतं ते, इंग्रजी व्ही आकारात कापून वर उचललं. दोन्ही खांबांना एकेक प्लेट बसवली. शेवटी कापलेलं टोक दोन सळ्या आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळलेली तार घालून परत जागेवर बांधलं. अल्नर नस, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूनं करंगळीकडे जाणारी नस, शोधून, बाजूला धरून, तिच्याच जागी ठेवली अशी नोंद आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे एक्स-रे मी पुढे पाहिले. काम सुरेख होतं. सांध्याची रेषा कुठेही तुटलेली नव्हती. हे आवर्जून लिहिते, कारण हात अडला की सगळे पहिलं बोट सर्जनकडे दाखवतात. इथे त्याला जागा नव्हती.

जागा होती ती पुढच्या चार आठवड्यांत. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं की दहाव्या-बाराव्या दिवशी टाके काढायला या आणि मग हालचाल सुरू करायची आहे. घरात ते वाचून समजेल असं कोणी नव्हतं. तोंडी सांगितलं गेलं असेलही. पण भूल उतरलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या कानात ‘हात जपा’ एवढंच राहतं. त्यात श्रावणसरी सुरू झाल्या, ओढ्यावर पाणी आलं, एसटी बंद पडली. टाके गावातल्याच डॉक्टरांनी काढले. हाताला बांधलेला प्लास्टरचा पाटा मात्र तसाच राहिला, कारण तो कधी काढायचा हे त्यांना कोणी कळवलेलं नव्हतं. चार आठवडे कोपर काटकोनात बांधलेलं राहिलं.

कोपर इतकं लवकर का आखडतं

गुडघा किंवा खांदा चार आठवडे बांधला तरी तोही आखडतो, पण कोपराचा हट्ट वेगळाच. एकाच पिशवीत तीन सांधे आहेत. कोपराखाली अल्ना आणि रेडियस अशी दोन हाडं असतात : बाहू आणि अल्ना, बाहू आणि रेडियस, आणि रेडियस-अल्ना यांचा आपसातला. हाडं एकमेकांत इतकी घट्ट बसलेली असतात की थोडी सूज किंवा थोडा व्रण मध्ये आला तरी हालचाल थांबते. पुढच्या बाजूला सांध्याच्या पातळ पिशवीवर ब्रेकिआलिस हा स्नायू थेट टेकलेला असतो. फ्रॅक्चरमध्ये तो हमखास फाटतो आणि त्याचा व्रण पिशवीला चिकटतो. शिवाय सांध्यात रक्त किंवा पाणी भरलं की कोपर आपोआप ७० ते ८० अंशांत वाकून बसतं, कारण त्या स्थितीत पिशवीत सर्वांत जास्त जागा असते. तिथे त्याला आराम वाटतो, आणि तिथेच ते राहून जातं.

रोजच्या व्यवहाराला किती हालचाल लागते, हे अमेरिकेतल्या मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजलं होतं. पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य धरलं, तर बहुतेक कामं ३० ते १३० अंशांत होतात, आणि तळहात वर-खाली फिरवायला दोन्ही बाजूंना ५०-५० अंश लागतात. आता मोबाइल कानाला लावायला त्याहून थोडं जास्त वाकवावं लागतं, पण मापदंड म्हणून ते आकडे अजून उपयोगी पडतात. बाईंच्या भाषेत सांगायचं तर तोंडात घास, कपाळाला कुंकू, मागे अंबाडा आणि परातीत भाकरी. या चार गोष्टी आम्ही त्यांच्या कागदावर उद्दिष्टं म्हणून लिहिल्या. पाचवी त्यांनी सांगितली : वादी ओढणं.

मालिश

पाटा निघाला तेव्हा कोपर, त्यांच्याच अंदाजानं, ‘थोडंफार’ हलत होतं. घरात दीर होते. तालमीत वाढलेले, हाताला प्रचंड ताकद, वहिनीबद्दल मनापासून माया. त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ तेल कोमट करून कोपर चोळायला आणि मग एका हातानं दंड धरून दुसऱ्यानं मनगट दाबून ते वाकवायला सुरुवात केली. बाई ओरडायच्या, ते दात-ओठ खाऊन अजून थोडं दाबायचे. दोघांनाही वाटत होतं की दुखतंय म्हणजे मोकळं होतंय.

दोन-तीन आठवड्यांत कोपर गरम राहू लागलं, सूज वाढली आणि हालचाल होती त्याहून कमी झाली. मग मालिश आणखी जोरात झाली.

कोल्हापुरात मालिशीला मान आहे आणि तो योग्यच आहे. थकलेल्या, धडधाकट स्नायूवर वस्तादाचा हात फिरला की पैलवान दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीत उतरतो. मी स्वतः ते अनेकदा पाहिलं आहे आणि त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण ताजा जुळत असलेला कोपराचा सांधा हा थकलेला स्नायू नव्हे. फाटलेल्या स्नायूत जखम भरून काढणाऱ्या पेशी आलेल्या असतात. तिथे वारंवार नव्यानं फाटत राहिलं की काही वेळा त्या पेशी हाड घडवायला लागतात. सशांवर झालेल्या जुन्या प्रयोगांत हेच दिसलं होतं : पाय बांधून ठेवायचा, मधूनमधून सोडून जोरानं वाकवायचा, पुन्हा बांधायचा. काही आठवड्यांत स्नायूत हाड तयार व्हायचं.

या बाईंच्या कोपरातही पुढे असंच नको तिथे हाड दिसलं. ते फक्त मालिशीनं आलं असं मी म्हणणार नाही. फ्रॅक्चरच मोठं होतं, शस्त्रक्रियेला पाच दिवस लागले होते, हात चार आठवडे बांधला होता. डोक्याला मार किंवा भाजणं ही आणखी दोन मोठी कारणं असतात, ती इथे नव्हती. पण या सगळ्यांत जे घरच्या घरी टाळता आलं असतं ते जोरानं वाकवणंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सातव्या आठवड्यात

राजारामपुरीतल्या आमच्या केंद्रात त्या आल्या तेव्हा शस्त्रक्रियेला सात आठवडे होत आले होते. सोबत दीर. बाई म्हणाल्या, “मॅडम, हाड जुळलंय म्हणत्यात. पण तोंडापत्तुर घास जाईना झालाय. आन्‌ करंगळी माझी हायच न्हाई असं वाटतंय.”

कोनमापकानं मोजलं : हात ४५ अंशांपेक्षा सरळ होत नव्हता आणि ८० च्या पुढे वाकत नव्हता. म्हणजे सगळी मिळून ३५ अंशांची हालचाल. तळहात वर-खाली फिरवणं त्या मानानं बरं, ५० आणि ६० अंश. कोपर हाताला गरम लागत होतं. मागच्या टोकावर तारेची गाठ कातडीखाली उठून दिसत होती आणि वरची कातडी चकचकीत, ताणलेली होती. खांदाही आखडत चालला होता. चार आठवडे झोळीत राहिलेल्या हाताचं ते नेहमीचंच.

पण मला जास्त काळजी वाटली ती करंगळीची. अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून जाते. तिथेच काही आपटलं की मुंग्या येतात. ती करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देते आणि हाताच्या पंज्यातल्या बहुतेक बारीक स्नायूंना चालवते. बाईंची करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर होती, आणि पंज्याच्या मागची त्या बाजूची कातडीही. ही शेवटची खूण महत्त्वाची. मागच्या कातडीला जाणारी फांदी मनगटाच्या आधीच वेगळी होते, त्यामुळे अडचण मनगटात नसून वर, कोपरापाशी आहे हे तिथेच कळलं. कोपराच्या आत टिचकी मारली की झिणझिण्या थेट करंगळीत.

मग कागदाची साधी परीक्षा. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरायचा, मी ओढणार. डाव्या हातात कागद फाटला पण सुटला नाही. उजव्यात अंगठ्याचं टोक लगेच वाकलं आणि कागद निघून आला. अल्नर नसेवर चालणारा स्नायू काम करेनासा झाला की माणूस नकळत दुसऱ्या नसेचा स्नायू वापरून अंगठा वाकवतो. फ्रोमाँ या फ्रेंच डॉक्टरांच्या नावानं ही खूण ओळखली जाते. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खपाटीला जायला लागला होता. मुठीची ताकद डावीकडे २४ किलो, उजवीकडे ७. चिमटीची ताकद डावीकडे ६ किलो, उजवीकडे दीड. वादी ओढणाऱ्या माणसाला दीड किलोत काय करता येणार.

करंगळी कधीपासून बधिर आहे, हे विचारलं. “ऑपरेशनच्या दुसऱ्या दिशीपासनं. मला वाटलं, प्लास्टरनं असंल.” पडल्यानंतर लगेच, शस्त्रक्रियेआधी, बोटांची संवेदना कशी होती? कागदपत्रांत ‘बोटं हलतात’ एवढंच. हलवणाऱ्या नसा वेगवेगळ्या असतात. बोटं हलतात यावरून अल्नर नसेबद्दल काही कळत नाही. नस पडताना दुखावली, शस्त्रक्रियेत ओढली गेली की नंतरच्या सुजेनं दाबली गेली, हे ठरवायला पहिल्या दिवसाची एक ओळ पुरली असती. कोपराचं फ्रॅक्चर घेऊन कोणी आलं तर करंगळीच्या टोकाची संवेदना आणि बोटं एकमेकांपासून फाकवता येतात का, हे एक्स-रेला पाठवण्याआधी लिहून ठेवावं. याला अर्धं मिनिट लागतं.

त्यांना मी ज्या ऑर्थोपेडिक सर्जनकडे पाठवलं त्यांनी नवे एक्स-रे काढले. फ्रॅक्चर जुळत होतं, सांधा चांगला. पण पुढच्या आणि आतल्या बाजूला, स्नायूंच्या जागी, पिंजलेल्या कापसासारखी पांढुरकी सावली. नवं हाड, अजून कच्चं. रक्तात सीआरपी (अंगात दाह असला की वाढणारं प्रथिन) सामान्य, त्यामुळे जंतुसंसर्गाची शक्यता मागे पडली. साखर आणि बी-१२ ठीक. नसेची तपासणी केली तेव्हा कोपरापाशी वेग मंदावलेला आणि बारीक स्नायूंत नसेचा पुरवठा तुटल्याच्या खुणा होत्या, पण काही धागे अजून जिवंत होते. नस पूर्ण कापली गेलेली नव्हती.

नसेला हवं ते सांध्याला नको

इथे या प्रकरणाची खरी गाठ आहे. कोपर वाकवलं की अल्नर नस मागच्या खोबणीत ताणली जाते आणि त्या बोगद्यातली जागाही कमी होते. म्हणजे दुखावलेल्या नसेला हात जरा सरळ ठेवलेला बरा. सांध्याला मात्र वाकायला शिकवायचं होतं. शिवाय वाकण्याला अडवणारा एक अस्थिबंध आतल्या-मागच्या बाजूला असतो, तोच त्या बोगद्याचा तळ. तो आखडला की एकाच वेळी सांधाही अडतो आणि नसही दबते. त्यातच नवं हाड आतल्या बाजूला धरत होतं. नसेमुळे दुखतंय म्हणून बाई हात वाकवत नव्हत्या. वाकवत नाहीत म्हणून सांधा आखडत होता. आखडतोय म्हणून दीर जोर लावत होते. जोर लावल्यानं हाड धरत होतं. आणि ते हाड पुन्हा नसेजवळच येत होतं.

हे वर्तुळ तोडायचं तर पहिली कडी मालिशीची. मी दिरांना समोर बसवलं आणि त्यांना एक्स-रेवर ती पांढरी सावली दाखवली. “दादा, हे हाड आपल्याला नको होतं. तुम्ही मायेनं केलंत, पण आता या कोपराला तुमच्या हाताचा जोर चालणार नाही.” ते बराच वेळ फिल्म उजेडाकडे धरून बघत राहिले. मग म्हणाले, “मग आता मी काय करू ते सांगा.” हा प्रश्न मोलाचा होता. त्यांना काम दिलं : दिवसातून पाच-सहा वेळा वहिनींच्या शेजारी बसायचं, खांदा धरून स्थिर ठेवायचा, आणि कोपर त्यांनी स्वतःच्या ताकदीनं वाकवायचं-सरळ करायचं, दिरांनी फक्त मोजायचं. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात दुखणं उतरलं पाहिजे. रात्रीपर्यंत टिकलं किंवा कोपर गरम झालं, तर दुसऱ्या दिवशी निम्मं.

सांधा आणि नस या दोघांचं जमवण्यासाठी दिवस आणि रात्र वाटून घेतली. दिवसा थोडा थोडा वेळ वाकवण्याचा व्यायाम, लगेच सोडायचं. रात्री हात जितका सरळ होतो तितक्या स्थितीत मऊ अस्तराच्या स्प्लिंटमध्ये, म्हणजे हात एका स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधारात. त्यानं सरळ होणंही वाढतं आणि झोपेत नसेला ताणही बसत नाही, कारण झोपेत आपण सगळेच हात मुडपून घेतो. कोपर टेकवून बसायचं नाही. बधिर करंगळीला चुलीजवळ जपायचं. भाकरी भाजताना चटका बसला तर कळणार नाही.

नवं हाड थांबवायला इंडोमेथासिन हे सूज आणि वेदना कमी करणारं औषध द्यायचं का, यावर सर्जनशी बोलणं झालं. त्यांनी नको म्हटलं आणि मला ते पटलं. हे औषध हाड धरण्याआधी देतात. धरलेलं हाड त्यानं विरघळत नाही. शिवाय कापून जोडलेलं मागचं टोक अजून पूर्ण जुळलं नव्हतं, आणि अशी औषधं हाडाच्या जुळण्याला आड येऊ शकतात.

चौथ्या महिन्यापर्यंत सूज गेली, कोपर थंड झालं, हालचाल ४० ते ९५ अंशांवर आली. मग अडली. आवळता येणारा स्प्लिंट लावून पाहिला, तो सरळ करण्याच्या बाजूनं चालला. वाकवण्याच्या बाजूनं लावला की वीस मिनिटांत करंगळी पेटायची. घास तोंडापर्यंत येत होता, पण मान खाली घालून. कुंकू डाव्या हातानं. चिमटी दोन किलोंच्या आत. नसेची दुसरी तपासणी पहिल्यासारखीच. चार महिन्यांत नस पुढे सरकलेली नसेल आणि दाबणारी वस्तू एक्स-रेवर दिसत असेल, तर थांबून राहण्यात अर्थ नसतो.

दुसरी शस्त्रक्रिया

नको तिथे धरलेलं हाड पूर्ण पिकेपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, हात लावायचा नाही अशी जुनी शिकवण आहे. अनेक घरांत अजून तेच सांगितलं जातं. आता इतकं थांबत नाहीत. एक्स-रेवर त्या हाडाची कड स्वच्छ, रेखीव दिसू लागली, सांध्याभोवतीची सूज निवली, की चार-सहा महिन्यांतही काढता येतं. उशीर केला तर पिशवी आणि स्नायू आणखी आखडतात, आणि नसेकडे तर वेळच नसतो : स्नायू वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिला की पुन्हा जिवंत होणं कठीण.

बाई तयार होईनात. “परत फाडायचं म्हंजे परत तसंच हुईल.” त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. सर्जननी त्यांना वेळ दिला, आणि कुठलंही मोठं आश्वासन दिलं नाही. सांगितलं ते एवढंच की नस मोकळी केली नाही तर चिमटी परत येण्याची वाट बंद होत जाईल. मोकळी केली तर ती येईलच असं नाही, पण वाट उघडी राहील. संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया ठरली.

आतल्या बाजूनं आधी नस शोधली. ती व्रणात आणि नव्या हाडाच्या कडेत घट्ट अडकलेली होती, पण सलग होती. ती लांबवर मोकळी करून कोपराच्या पुढे, कातडीखाली आणली, म्हणजे आता कोपर वाकताना ती ताणली जाणार नाही. मग नवं हाड, आखडलेली पिशवी आणि तो आतला-मागचा अस्थिबंध सोडवला. मागचं टोक पक्कं जुळलं होतं, म्हणून टोचणाऱ्या तारा आणि सळ्या काढल्या. भुलीखाली कोपर १५ ते १२५ अंश फिरलं.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी नस पुढे आणून ठेवली असती तर हे टळलं असतं का, असं दिरांनी विचारलं. सरसकट तसं केल्यानं फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. हाताळणी वाढल्यानं काहींना त्रास जास्तच झालेला दिसतो. पहिल्या सर्जनचा निर्णय योग्य होता.

हाड पुन्हा धरू नये म्हणून या वेळी इंडोमेथासिन दिलं : २५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन आठवडे, जठर सांभाळणारी गोळी सोबत, आणि आधी मूत्रपिंडाची तपासणी करून. (आपल्या मनानं हे औषध कोणी घेऊ नये, जठरात रक्तस्राव होऊ शकतो.) किरणोपचार हा दुसरा पर्याय असतो. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कोपराच्या ताज्या दुखापतीनंतर किरणोपचार दिलेल्यांत हाड न जुळण्याच्या घटना इतक्या झाल्या की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. या बाईंचं हाड आता जुळलेलं असलं, तरी गोळीवर भागत असताना तिकडे जायची गरज नव्हती.

या वेळी पाट्याला जागाच दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, वेदना कमी करणारं इंजेक्शन चालू असतानाच, त्यांनी स्वतः हात वाकवला. घरी जाताना व्यायामाचा कागद मराठीत, चित्रांसह, आणि पहिल्या तीन भेटींच्या तारखा मोठ्या अक्षरांत. एसटी बंद पडली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तोही त्यावर.

बोटं जास्त वाकडी झाली तो महिना

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या महिन्यात दीर घाईघाईनं त्यांना घेऊन आले. करंगळी आणि अनामिका आधीपेक्षा जास्त आकड्यासारखी वळायला लागली होती. घरात सगळ्यांची खात्री झाली होती की दुसरं ऑपरेशनही फुकट गेलं.

नस कोपरापाशी दबलेली असते तेव्हा बोटांची टोकं वाकवणारा, कोपर आणि मनगटाच्या मधला, म्हणजे पुढच्या हातातला स्नायूही ढिला पडतो, त्यामुळे बोटं फारशी वाकडी दिसत नाहीत. नस परत वाढू लागली की हा जवळचा स्नायू आधी जागा होतो आणि बोटं ओढतो. पंज्यातले बारीक स्नायू, जे बोटं सरळ राखतात, अजून झोपलेलेच असतात. म्हणून बरं होताना हात काही महिने जास्त वाईट दिसतो. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून तर्जनीजवळच्या स्नायूपर्यंत जवळपास तीस सेंटिमीटर, म्हणजे दहा महिन्यांचा रस्ता. टिचकी मारून पाहिली तर झिणझिण्यांची जागा कोपरापासून पुढच्या हाताच्या मध्यापर्यंत सरकलेली होती. ती जागा मी पेननं कातडीवर खूण करून दाखवली आणि मागच्या भेटीतली खूण कुठे होती ते सांगितलं. बोटं आखडून बसू नयेत म्हणून एक छोटा स्प्लिंट दिला. हे आधीच सांगून ठेवायला हवं असतं, असं अनेक घरांत दिसतं. लोक नेमक्या याच महिन्यात उपचार सोडतात.

दहा महिन्यांनंतर

कोपर आता २५ अंशांपर्यंत सरळ होतं आणि १२० पर्यंत वाकतं. घास, कुंकू आणि भाकरी उजव्या हातानं. अंबाड्याला डावा हात मदत करतो आणि मोबाइल त्या डाव्या कानालाच लावतात. मुठीची ताकद १७ किलो, चिमटीची साडेचार. करंगळीला स्पर्श कळतो, पण टोकाशी थोडा जाड. अंगठ्याजवळची खपाटी भरत आली आहे, पूर्ण भरलेली नाही. एक्स-रेवर नवं हाड नाही.

वेणीचं काम त्या पूर्ववत करतात. वादी शेवटी आवळण्याचा झटका अजून त्यांना जड जातो. पुतणी शेजारी बसून तेवढं करते, आणि पाट उंच केल्यामुळे खांद्यावरचा ताण कमी झाला आहे. “दिवसाला आधीच्या निम्मे जोड हुत्यात,” त्या सांगतात, “पण मी माझ्या हातानं करतो.” घरानं जवळजवळ दोन हंगाम गमावले, त्याचा हिशेब कुठल्याही केसपेपरवर लिहिलेला नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं की आतल्या दोन प्लेटा आता काढून टाकायच्या का. गावात कोणीतरी सांगितलं होतं की लोखंड अंगात राहू देऊ नये. सर्जनचं आणि माझं एकच मत पडलं : नाही. प्लेटा टोचत नाहीत, सांध्याला आड येत नाहीत, आणि त्या काढायच्या म्हणजे पुन्हा त्याच व्रणातून, पुढे आणलेल्या नसेच्या शेजारून जायचं. नसेची पुढची तपासणी येत्या आषाढात, आणि तोवर रात्रीचा स्प्लिंट चालू.